खाद्यजत्रेत पहिली चव

थंडीच्या दिवसांत मुंबईच्या उपनगरांत खाद्यजत्रांचा हंगाम असतो. अंधेरी पश्चिमेला वेसाव्याच्या कोळीवाड्यात कोळी सी-फूड महोत्सव भरतो, मुलुंड-बोरिवलीकडच्या मैदानांवर मालवणी जत्रोत्सव लागतात, आणि या गर्दीत एक ते तीन वर्षांचे मूल कडेवर घेऊन आलेली कुटुंबेही असतात. मुलाला लहानपणापासून सगळे खाण्याची सवय लागावी ही त्यांची अपेक्षा रास्त असली, तरी एखादी चव आवडू कशी लागते हे समजून घेतल्याशिवाय अशा जत्रेतून मुलाला काय मिळते आणि काय मिळत नाही, याचा अंदाज येत नाही.

गोडाची ओढ आणि कडूचा तिटकारा जन्मजात असतो. बाकीच्या बहुतेक आवडीनिवडी मात्र अनुभवाने घडतात आणि त्यांची सुरुवात जन्माआधीच होते. अमेरिकेतील ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की ज्या मातांनी गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना गाजराचा रस नियमित घेतला होता, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या स्वादाचा आहार अधिक सहजपणे स्वीकारला.

दुसऱ्या वर्षाच्या सुमारास मात्र, आतापर्यंत पुढे येईल ते खाणारे मूल अनोळखी पदार्थ पाहताच तोंड फिरवू लागते. नव्या अन्नाच्या या भीतीला ‘नवान्नभय’ म्हणता येईल. ती साधारण दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान सर्वाधिक असते आणि चालू-फिरू लागलेल्या मुलाने दिसेल ते तोंडात घालू नये, यासाठीची ती नैसर्गिक सावधगिरी असावी, असे अभ्यासक मानतात. मानसशास्त्रज्ञ लीॲन बर्च यांनी १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून दिसले, की पदार्थ वारंवार चाखायला मिळाला की ही भीती ओसरते, पण तो नुसता पाहून भागत नाही. चव जिभेवर यावी लागते, आणि त्यासाठी अनेकदा आठ-दहा किंवा त्याहून अधिक वेळा प्रयत्न करावा लागतो.

याचा अर्थ एका संध्याकाळी मुलाला मासा आवडू लागेल, ही आशा व्यर्थ आहे. जत्रेचे बळ वेगळेच आहे: आईवडील, आजीआजोबा आणि आजूबाजूची अनोळखी माणसेही तोच पदार्थ चवीने खात आहेत, हे मुलाला तेथे दिसते आणि अनुकरणातून त्याचा धीर वाढतो. उलट, ‘एकच घास’ म्हणून केलेली बळजबरी त्या पदार्थाविषयी नावड निर्माण करते. म्हणून मुलाने घास थुंकला तरी तो चाखला गेला, एवढ्यावर समाधान मानावे.

पदार्थांची निवडही तारतम्याने करावी लागते. तांदळाच्या शेवया आणि गूळ घातलेला नारळाचा रस, म्हणजे शिरवाळे, तसेच मऊ घावणे व आंबोळी लहान मुलाला सहज खाता येतात. तळलेल्या सुरमईच्या तुकडीवरचे रवा-मसाल्याचे तिखट आवरण आणि मधला काटा काढला, की आतला पांढरा भाग सौम्य लागतो. तोही बोटांनी चुरून, बारीक काटा राहिला नाही याची खात्री करूनच भरवावा. मांदेलीसारखी बारीक काट्यांची मासळी या वयाला नको. तिखटपणा ही खरे तर चव नसून मिरचीतील द्रव्यामुळे होणारी जळजळ आहे, आणि ती पाण्यापेक्षा दूध-दह्याने लवकर शमते.

खटखटे लाडू, अख्खे शेंगदाणे आणि चणे घशात अडकण्याचा धोका असल्याने ते टाळावेत आणि मुलाला बसवूनच खाऊ घालावे. कोळंबी व चिंबोरी यांची काहींना ॲलर्जी असते. अंगावर गांधी, ओठांना सूज, उलटी किंवा श्वासाचा त्रास बहुधा काही मिनिटांपासून दोन तासांत दिसतो, म्हणून हे पदार्थ पहिल्यांदा घरीच, दिवसा आणि अगदी थोडे द्यावेत, आणि श्वासाला त्रास झाल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

जत्रेत मुलाने ज्या पदार्थाकडे हात नेला, तो पुढच्या काही आठवड्यांत घरच्या जेवणात कमी मिठा-तिखटाने, थोडा थोडा करून पुन्हा पुन्हा वाढला गेला, तरच त्या संध्याकाळच्या ओळखीचे आवडीत रूपांतर होते. तसे झाले नाही, तर सहल तेवढी पदरात पडते.