शाळेचं मंत्रिमंडळ फलकावरच का राहतं? मुलांच्या हाती खरं काम द्या

मालवण : जूनमध्ये शाळा सुरू झाली की बऱ्याच शाळांत एक कार्यक्रम ठरलेला असतो. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक. चिठ्ठ्या पडतात, बोटाला शाई लागते. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री ठरतात, नावं फलकावर जातात आणि फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतात. पण मार्चमध्ये कोणी विचारलं, की या मंत्र्यांनी वर्षभर काय केलं, तर सांगण्यासारखं फारसं नसतं.

हा विषय वाटतो तेवढा किरकोळ नाही.

मार्कात पहिले, सभेत मात्र गप्प

दहावीच्या निकालात आपला कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला येतो. 2024 साली निकाल 99.01 टक्के होता, 2025 साली 98.82 टक्के. म्हणजे आपली पोरं हुशार आहेत, यात वाद नाही. पण हीच मुलं मोठी झाल्यावर ग्रामसभेत उठून प्रश्न विचारतात का?

आज नववीत असलेलं मूल चार वर्षांनी मतदार होईल आणि ग्रामसभेचं सदस्यही. 21 व्या वर्षी ते ग्रामपंचायतीची निवडणूक लढवू शकतं. महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, म्हणजे आज मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलगी उद्या सरपंचाच्या खुर्चीत असू शकते. ग्रामसभेच्या कोरमसाठी एकूण मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब होते. सभेला जायची आणि बोलायची सवय एकदम अठराव्या वर्षी लागत नाही. ती शाळेतच लागते.

नेतृत्व म्हणजे भाषण नव्हे

नेतृत्व म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वक्तृत्व स्पर्धा येते. वेंगुर्ल्यात जन्मलेले बॅरिस्टर नाथ पै लोकसभा गाजवणारे वक्ते होते, हे आपण अभिमानाने सांगतो. पण 1942 च्या चळवळीत ते तरुणपणीच उतरले होते, तुरुंगातही गेले होते, हे सांगायला विसरतो. आधी काम होतं, मग भाषण.

किनाऱ्यावरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तांडेल भाषण करून होत नाही. वारा, पाणी ओळखून तो निर्णय घेतो, आणि तो चुकला तर जबाबदारीही त्याचीच. रापण ओढताना सगळ्यांचे हात लागतात आणि वाटाही सगळ्यांना मिळतो. निर्णय, जबाबदारी आणि वाटणी, या तीन गोष्टी मुलांना शाळेत मिळाल्या, तर नेतृत्वाचा वेगळा तास घ्यावा लागणार नाही.

शाळेत काय करता येईल?

एका खात्याला एक खरं काम. समजा, पोषण आहार खातं. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे 150 ग्रॅम ठरलेला आहे. लहान गटात 12 आणि मोठ्या गटात 8 मुलं हजर असतील, तर त्या दिवशी 2 किलो 400 ग्रॅम तांदूळ लागणार. हा हिशोब मुलांनी रोज वहीत लिहावा. गणितही होतं आणि हिशोब विचारायची सवयही लागते.

पाळीपाळीने संधी. आपल्याकडे अनेक शाळांचा पट वीसच्या आत आहे. ही अडचण आहेच, पण इथे तिचा फायदाही आहे. दर दोन महिन्यांनी खाती बदलली, तर वर्षभरात प्रत्येक मुलाला जबाबदारी मिळते. नाहीतर दरवर्षी तोच हुशार मुलगा मुख्यमंत्री आणि बाकीचे टाळ्या वाजवायला.

आठवड्याचा हिशोब. शनिवारच्या परिपाठात प्रत्येक मंत्र्याने तीनच वाक्यं सांगावीत : काय झालं, काय राहिलं, कोणाची मदत हवी. बाकीच्या मुलांनी प्रश्न विचारावेत. प्रश्न विचारणाऱ्याला 'गप बस' म्हणू नये.

मालवणीत बोलू द्या. घरात मालवणी आणि शाळेत पुस्तकी मराठी, यात अनेक मुलं अडकतात. 'शाळेच्या नळाक पाणी येणा नाय' हे मूल चटकन सांगेल. तेच शुद्ध मराठीत सांग म्हटलं की मान खाली. बालसभेत आधी मुद्दा ऐका, भाषा नंतर सुधारता येते.

एक खबरदारी मात्र हवी. मंत्रिपद म्हणजे फुकटचा कामगार नव्हे. स्वच्छतामंत्री केला म्हणून त्याच्याकडून शौचालय धुऊन घेणं, पाण्याच्या टाकीवर चढवणं किंवा मोठ्यांच्या राजकारणात मुलांना पुढे करणं चुकीचं आहे.

कायदा काय सांगतो?

मुलांशी संबंधित निर्णयात त्यांचं मत ऐकलं पाहिजे, असं संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात आहे. भारताने तो 1992 साली मान्य केला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात. आपल्या राज्यात या समितीवर दोन विद्यार्थीही घेतले जातात, त्यात किमान एक मुलगी. शाळेचा विकास आराखडा करायचं कामही याच समितीचं.

मुलांना एवढं जमेल का, अशी शंका येणाऱ्यांनी राजस्थानातल्या तिलोनियाकडे बघावं. तिथल्या रात्रशाळांत दिवसभर गुरं राखणारी मुलं येतात. 1993 पासून ती आपली बाल संसद निवडून देतात. निवडून आलेली मुलं शाळांना भेट देतात, शिक्षक येतात का, दिवे आणि पाणी आहे का, ते बघतात आणि मोठ्यांना जाब विचारतात.

पालकांनी एवढं करावं

शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत विचारा, विद्यार्थी सदस्य कोण आहेत आणि त्यांना बैठकीला बोलावतात का. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना सांगून 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मुलांसाठी पाच मिनिटं मागून घ्या. शाळेच्या वाटेवरचा साकव मोडलाय का, वाडीतली लाईट कुठे बंद आहे, हे मुलांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. मुलांनी मांडलेला मुद्दा इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा आणि पुढच्या सभेत त्याचं काय झालं तेही विचारा. उत्तर मिळालं नाही, तर मूल एकच गोष्ट शिकतं : बोलून काही उपयोग नसतो.