मोजणी चुकली, हे मुलांनाच कळावे

नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे सातपुड्यातील गाव राजवाडी होळीसाठी प्रसिद्ध आहे. उंच बांबू उभा करून तेथे होळी होते, रात्रभर ढोल वाजतात. त्या गावी एका अंगणात बांबूच्या बारीक काड्या आणि भिजवलेले हरभरे घेऊन बसलेली एक शाळकरी मुलगी आम्हाला भेटली. घनाकृती करून त्यांची पृष्ठे, कडा व शिरोबिंदू मोजण्याचा अभ्यास तिला दिला होता. घरची बोली भिली, आई-वडील शाळेत न गेलेले. वही तपासणार कोण?

आम्ही तिला सांगितले, "काडी म्हणजे कड. हरभरा म्हणजे शिरोबिंदू. काड्यांनी वेढलेली सपाट जागा म्हणजे पृष्ठ." तिने चौकोनी तळाचा मनोरा केला होता. मोजून तिने लिहिले : हरभरे ५, काड्या ८, पृष्ठे ४. मग विचारले, "बरोबर आहे का?"

आम्ही उत्तर दिले नाही. म्हटले, "हरभरे आणि पृष्ठे यांची बेरीज कर. त्यातून काड्या वजा कर. उत्तर २ आले पाहिजे." तिचे उत्तर १ आले. तिने पुन्हा मोजले, मग मनोरा उचलून खालून पाहिला आणि हसली. ज्यावर सारा मनोरा उभा, ते तळाचे पृष्ठच मोजायचे राहिले होते! ५ + ५ − ८ = २.

हा नियम स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले गणिती लिओनार्ड ऑयलर यांनी १७५० साली एका पत्रात मांडला. त्यांनी दिलेली सिद्धता अपुरी ठरली. पक्की सिद्धता १७९४ साली फ्रान्सच्या लजांद्र यांनी दिली. घनाचे पाहा : ८ + ६ − १२ = २. हरभऱ्यांचा घन कलला, वाकडा झाला, तरी उत्तर तेच.

मोठ्या आकृतीत काड्या मोजताना गोंधळ होतो. तेव्हा एक युक्ती करावी. प्रत्येक कड दोन पृष्ठांच्या सामाईक असते. १२ पंचकोनी पृष्ठांच्या आकृतीत १२ × ५ = ६०, त्याचे निम्मे ३० कडा. एका कोपऱ्यात तीन पृष्ठे भेटतात, म्हणून ६० ÷ ३ = २० शिरोबिंदू. आता २० + १२ − ३० = २.

मात्र दोन गोष्टी मुलांना सांगाव्यात. मधून आरपार भोक असलेल्या आकृतीला हा नियम लागत नाही. आणि उत्तर २ आले म्हणजे मोजणी बिनचूकच असे नाही; दोन चुका एकमेकींना झाकू शकतात. साध्या भरीव आकृतीचे उत्तर २ आले नाही, तर मात्र चूक नक्की आहे.

ज्या घरी शिकवणी नाही, गाईड नाही, तेथे हा नियम मोठा आधार आहे. माता-पित्यांनो, तुम्हाला गणित येत नसेल तरी संकोच करू नका. मूठभर हरभरे भिजत घाला, झाडूच्या काड्या द्या आणि मुलाला एवढेच विचारा, "दोन आले का?"