मधल्या जागांचा वादक

भंडाऱ्याच्या माणसाला पितळ कुणी शिकवावं लागत नाही. भांडं नखानं वाजवून तो भाव सांगतो. पण सॅक्सोफोन त्यालाही चकवतो. अंग सगळं पितळेचं आणि जात मात्र क्लॅरिनेटची, लाकडी वाद्यांची. कारण सूर निघतो तो तोंडाशी बसवलेल्या बोरूच्या पातळ पट्टीतून. बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्सनं १८४६ मध्ये या वाद्याचं पेटंट घेतलं. पुढे अमेरिकेतल्या जॅझवाल्यांनी ते आपलंसं केलं, आणि आपल्या गावांपर्यंत ते पोचलं ते मुख्यतः विविध भारतीवरून. निवेदक गायकाचं, गीतकाराचं, संगीतकाराचं नाव सांगायचा. दोन कडव्यांच्या मधल्या जागेत जो जीव ओतून जायचा, त्याचं नाव कधी आलं नाही. फार वेळा तो माणूस मनोहारी सिंग असे.

मनोहारीदांचा जन्म ८ मार्च १९३१ चा, बंगालमधला. घराणं मूळ नेपाळी, बँडमध्ये वाजवणारं. कोलकात्याजवळ बाटानगरला बाटा कंपनीचा स्वतःचा बँड होता, तिथे पोरवयातच ते दाखल झाले. हाती आधी आली ती बासरी, पण आपली वेळूची नव्हे. चाव्यांची, धातूची, वादक जिला की-फ्लूट म्हणतात ती. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन त्यानंतरचे. कोलकात्यात तेव्हा फिर्पोजसारख्या ठिकाणी रोज रात्री नाचगाण्याचे बँड वाजत. जॅझचं शिक्षण झालं ते या मैफलींत, पोटासाठी वाजवता वाजवता.

एकाच माणसानं सॅक्सोफोन आणि बासरी दोन्ही वाजवणं वाटतं तितकं सोपं नाही. सॅक्सोफोनची पट्टी ओठात धरून दाबावी लागते. बासरीला पट्टीच नाही. तिथे ओठ मोकळे ठेवून फुंकर काठावर नेमकी कापायची. एका रेकॉर्डिंगमध्ये हे उतरवायचं आणि ते धरायचं, म्हणजे ओठांना दोन स्वभाव लावून घ्यायचे. अमेरिकेत एरिक डॉल्फी, युसूफ लतीफ यांनी हे केलं. आपल्याकडे मनोहारीदांनी केलं, फक्त त्यांच्या वाट्याला स्टेजऐवजी स्टुडिओ आला.

१९५८ साली सलील चौधरींच्या आग्रहावरून ते मुंबईत आले. त्याच वर्षीच्या ‘सितारों से आगे’मध्ये सचिनदेव बर्मन यांच्याकडे वाजवलं आणि मग मागे वळून पाहिलं नाही. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये तेव्हा गोव्याच्या वादकांचा दबदबा होता. सबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही सगळी चर्चमध्ये नोटेशन शिकलेली मंडळी. बँडात वाढलेला मनोहारी त्यांच्यात सहज बसला.

त्या काळातलं रेकॉर्डिंग म्हणजे सगळा वाद्यवृंद आणि गायक एकदम. कुणी एकानं चूक केली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. अशा धाकात वाजवलेलं ‘कश्मीर की कली’चं (१९६४) ‘है दुनिया उसी की’ ऐका. ओ. पी. नय्यर यांनी सॅक्सोफोनला मधल्या जागेपुरतं ठेवलं नाही, रफीसाहेबांच्या बरोबरीनं बसवलं. रफी ओळ सोडतात, सॅक्स तिचं शेपूट धरून पुढे जातो, आणि पुढचा शब्द यायच्या क्षणी बाजूला होतो. गाणं नशेतल्या माणसाचं आहे, पण वाजवणारा पूर्ण शुद्धीत आहे. कुठे थांबायचं हे कळणं, ही जॅझचीच शिकवण. पुढच्या वर्षी ‘आरज़ू’चं ‘बेदर्दी बालमा तुझको’ आलं आणि ‘गाइड’चं ‘तेरे मेरे सपने’. ‘गाइड’मधला स्वर तर इतका हळवा आहे, की हे वाद्य लष्करी बँडांसाठी जन्मलं यावर विश्वास बसू नये. १९६९ च्या ‘आराधना’त ‘रूप तेरा मस्ताना’ला कर्सी लॉर्ड यांचं अ‍ॅकॉर्डियन आणि मनोहारीदांचा सॅक्स. त्या गाण्यातली अर्धी धग या दोघांची.

राहुलदेव बर्मन ऊर्फ पंचम यांच्याकडे ते नुसते वादक राहिले नाहीत, सहायक झाले. बासू चक्रवर्ती आणि आपले मारुतीराव कीर यांच्या जोडीनं. बासू-मनोहारी या नावानं ‘सबसे बड़ा रुपैया’ला (१९७६) संगीतही दिलं. पंचमभक्त रागावतील, पण माझ्या मते मनोहारीदांचं सर्वांत चांगलं वाजवणं ‘कश्मीर की कली’ ते ‘आराधना’ या पाच वर्षांतलं आहे. पुढे जबाबदारी वाढली, वाद्यवृंद मोठा झाला, आणि एकट्या सॅक्सला मिळणारी ती मोकळी जागा आक्रसली.

गोव्यातल्या नेवऱ्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी दुसरा रस्ता धरला. ते जॅझशीच राहिले, ‘रागा रॉक’सारखी रेकॉर्ड स्वतःच्या नावावर केली. ती किती घरांत पोचली? मनोहारीदांचा स्वर घरोघरी पोचला, नाव मागे राहिलं. या सौद्यात कोण जिंकलं, हे मला ठरवता येत नाही.

१३ जुलै २०१० रोजी मुंबईत मनोहारीदांचं निधन झालं. चित्रपटांच्या रेकॉर्डींवर वादकांची नावं छापायची पद्धतच नव्हती. मात्र त्यांनी सॅक्सोफोनवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या वेगळ्या रेकॉर्डीही निघाल्या होत्या, त्यांवर नाव आहे. तुमच्या माळ्यावर जुनी थप्पी पडली असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी कव्हरं एकदा वाचून घ्या.