वनस्पतिजन्य फ्लेव्होनॉइड्स आणि रक्तकर्करोगातील पेशीसंकेत

कोलकात्यातील सियालदह रेल्वेस्थानकालगत आज नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील पूर्वीच्या कॅम्पबेल रुग्णालयात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी काळा आजारावरील युरिया स्टिबामाइन सिद्ध केले. रुग्णांना प्रत्यक्ष गुण आल्यानंतरच ते संयुग औषध ठरले. कांदा, हिरवा चहा वा सोयाबीन यांतील फ्लेव्होनॉइड्स रक्तकर्करोगाच्या पेशी नष्ट करतात, या विधानालाही हीच कसोटी लावली पाहिजे. त्यासाठी ही द्रव्ये पेशीत नेमके काय करतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

निरोगी पेशी बाहेरून संकेत मिळाल्याखेरीज विभागत नाही. पेशीपटलावरील ग्राही प्रथिन तो संकेत घेते आणि कायनेज नावाची विकरे तो केंद्रकापर्यंत पोहोचवितात. प्रत्येक विकर पुढील प्रथिनाला फॉस्फेटचा गट जोडून त्याला जागे करते. दीर्घकालीन मायलॉइड रक्तकर्करोगात ९ व २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून बीसीआर-एबीएल हे सदैव जागे असणारे कायनेज निर्माण होते. मग बाहेरून संकेत नसतानाही श्वेतपेशी वाढत राहतात.

फ्लेव्होनॉइड्सचा सांगाडा कार्बनच्या १५ अणूंचा असतो. त्यांपैकी अनेकांची रचना सपाट असल्याने, कायनेजच्या ज्या खोबणीत ऊर्जावाहक एटीपी बसते, तेथे ती शिरू शकतात. सोयाबीनमधील जेनिस्टीन टायरोसिन कायनेजना रोखते, हे १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. कांद्यातील क्वेर्सेटिन पीआय-३ कायनेजला अडविते. पेशीला जगविणारा संकेत त्यामुळे क्षीण होतो आणि कॅस्पेज विकरांद्वारे नियोजित पेशीमृत्यू घडतो. मात्र एकच द्रव्य अनेक विकरांना स्पर्श करीत असल्याने त्याचा परिणाम नेमका राहत नाही.

या दिशेचे काम कोलकात्यातही झाले आहे. सियालदहहून दक्षिणेकडे जाणाऱ्या उपनगरी लोहमार्गावरील जादवपूर येथे भारतीय रासायनिक जीवशास्त्र संस्था आहे. क्लोरोजेनिक आम्ल बीसीआर-एबीएलला रोखते आणि पी-३८ या संकेतमार्गाने अशा पेशींचा मृत्यू घडविते, असे तेथील संशोधकांनी २००४ मध्ये दाखविले. विड्याच्या पानातील हायड्रॉक्सिचॅव्हिकॉल हे इमॅटिनिबला न जुमानणाऱ्या पेशींवरही परिणाम करते, असे २०१२ मध्ये आढळले. ही दोन्ही द्रव्ये फ्लेव्होनॉइड्स नव्हेत. ती वनस्पतींतील फिनॉलवर्गीय संयुगांच्या विस्तृत परिवारातील होत.

प्रयोगपात्र आणि मानवी शरीर यांतील अंतर फ्लेव्होपिरिडॉलच्या इतिहासातून विशेष स्पष्ट होते. कडुनिंबाच्या कुळातील, सह्याद्रीत आढळणाऱ्या एका वृक्षातील रोहितुकीन हे द्रव्य या संयुगाचा मूलाधार होय. रोहितुकीनची रचना व संश्लेषण यांविषयीचे संशोधन मुंबईतील मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रातून १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरून घडविलेले फ्लेव्होपिरिडॉल हे कृत्रिम फ्लेव्होन सीडीके-९ या कायनेजला रोखते. परिणामी पेशीला जगविणारे एमसीएल-१ हे अल्पायुषी प्रथिन घटते. प्रयोगपात्रात प्रभावी ठरलेले हे द्रव्य आरंभीच्या रुग्णचाचण्यांत निष्प्रभ ठरले. मानवी रक्तातील प्रथिनांशी ते बांधले जाते, हे लक्षात आल्यावर मात्रा देण्याची रीत बदलण्यात आली. तेव्हा दीर्घकालीन लिम्फॉइड रक्तकर्करोगाच्या काही रुग्णांमध्ये परिणाम दिसला, पण मृत पेशींतील द्रव्ये एकदम रक्तात आल्याने गंभीर धोकाही उद्भवला. पुढे तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगासाठी अमेरिकेत २०१४ मध्ये त्याला दुर्मीळ रोगाच्या औषधाचा विशेष दर्जा मिळाला. हा दर्जा म्हणजे विक्रीची मान्यता नव्हे.

आहारातून येणाऱ्या फ्लेव्होनॉइड्सची वाट याहून बिकट आहे. आतडे व यकृत त्यांचे त्वरित रूपांतर करतात; त्यामुळे प्रयोगपात्रात वापरलेल्या मात्रेच्या तुलनेत रक्तात त्यांचा अंशच उरतो. उलट, २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या इमॅटिनिबने दीर्घकालीन मायलॉइड रक्तकर्करोगाच्या असंख्य रुग्णांचे आयुष्य वाढविले आहे. ते नियमित घेणे हाच त्याच्या यशाचा पाया आहे. एखाद्या अर्कावर विसंबून अशा गोळ्या सोडणे प्राणघातक ठरू शकते.

म्हणून मराठी विज्ञानलेखनात ‘पेशीची वाढ रोखते’ आणि ‘रोग बरा करते’ या दोन वाक्यांतील भेद कटाक्षाने पाळला पाहिजे. पहिल्या वाक्यातील कर्म पेशी आहे, दुसऱ्यातील रोग. आणि रोग नेहमी कोणा माणसाला झालेला असतो.