साल्हेरला का जायचे?



"तुमचे मूळ गाव कोणते?" असे वर्गात विचारले, तर आपली बरीच मुले "आजीला विचारून सांगतो" म्हणतील. आजी आहे तोवर ठीक. पुढे कोणाला विचारणार? म्हणून पूर्वजांचा मुलूख मुलांनी एकदा तरी पायी पाहावा. प्रतापनगरहून निघणाऱ्यांना त्यासाठी साल्हेर सोयीचा आहे.

साल्हेर नाशिक जिल्ह्यात, बागलाण तालुक्यात, गुजरातच्या डांग जिल्ह्याजवळ आहे. उंची १५६७ मीटर. कळसूबाईनंतर (१६४६ मीटर) महाराष्ट्रातील हे सर्वांत उंच शिखर, आणि किल्ल्यांमध्ये तर पहिलेच. सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या व्यापारी वाटा बागलाणातून जात, म्हणून या गडाला मोल. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी तो घेतला. पुढे मोगलांनी वेढा घातला, तेव्हा १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर यांच्या फौजांनी उघड्या मैदानात मोगलांचा पराभव केला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत साल्हेर आहे.

याच नाशिक जिल्ह्यात, मालेगावजवळ कवळाणे गाव आहे. तेथील शेतकरी घरातला गोपाळराव १८७५ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी दत्तक येऊन आपला महाराजा सयाजीराव झाला. १९०६ मध्ये त्यांनी सबंध बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. साल्हेरला जाताना कवळाण्याचे स्मरण हवेच.

आपण सारे काही बागलाणचे नव्हे. कोणी कोकणातले, कोणी देशावरचे, कोणी खानदेशातले. पण सह्याद्री सर्वांच्या ओळखीचा. गंमत अशी की, सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि आपला पावागडही ज्वालामुखीच्याच खडकाचा. तेव्हा मूळ मुलूख पाहिला म्हणून बडोदे परके होत नाही. घर येथेच आहे. तेथे मुळे पाहायची.

जायचे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. पावसाळ्यात कातळातल्या पायऱ्या निसरड्या होतात. चढ दमवणारा आहे. चांगले बूट, भरपूर पाणी आणि गावातला वाटाड्या हवा. पायथ्याच्या वाड्यांतून पाहुण्यासारखे जावे, कचरा परत आणावा. ज्यांना चढणे झेपणार नाही, त्यांनी पायथ्याशी थांबावे. त्यात कमीपणा नाही.

निघण्यापूर्वी प्रत्येकाने आजी-आजोबांना तीन गोष्टी विचारून वहीत लिहाव्यात : मूळ गाव, बडोद्यास कोण व कशासाठी आले, आणि तिकडची एखादी आठवण. माथ्यावर परशुरामाचे छोटे देऊळ आहे. तेथे पंधरा मिनिटे कोणी बोलू नये, फोटोही काढू नयेत. मग ज्याला वाटेल त्याने आपले पान वाचावे. वह्या परतल्यावर शाळेच्या ग्रंथालयात ठेवाव्यात.

विश्वस्त मंडळास विनंती, की सहल ठरवताना याचा विचार व्हावा. आणि मुलांनो, सहलीची तारीख ठरेल तेव्हा ठरेल; ते तीन प्रश्न मात्र आजच संध्याकाळी विचारा.