घेताना उशीर, देताना घाई

दहिसर हे मुंबईचे उत्तरेकडील शेवटचे टोक. १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द वाढली आणि शेते, वाड्या व खाजणे यांच्यामध्ये वसलेले हे गाव शहराच्या हिशेबात दाखल झाले. त्यानंतर शहरासाठी तीन विकास आराखडे झाले. पहिला १९६४ चा, दुसरा १९९१ पासून टप्प्याटप्प्याने मंजूर झालेला, आणि तिसरा २०१८ साली मंजूर होऊन २०३४ पर्यंतची दृष्टी बाळगणारा. प्रत्येक आराखड्याच्या नकाशावर हिरव्या रंगाचे तुकडे आहेत. परंतु नकाशावर हिरवा रंग लावणे आणि ती जमीन प्रत्यक्ष ताब्यात घेणे या दोन क्रियांच्या दरम्यान आपल्याकडे एक पिढी सहज निघून जाते. उलट, जमीन एकदा हाती आली की ती कोणाच्या स्वाधीन करावयाची याचा विचार मात्र विलक्षण तत्परतेने सुरू होतो. या दोन वेगांतील तफावतीविषयी आज आम्हांला लिहावयाचे आहे.

उद्यानासाठी जमीन कशी घ्यावी, याचे नियम नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या १२६ व्या कलमात तीन वाटा सांगितल्या आहेत. मालकाशी करार करून मोबदला द्यावा; रोख रकमेऐवजी चटईक्षेत्र किंवा हस्तांतरणीय विकास हक्क द्यावेत; अथवा राज्य सरकारकडे अर्ज करून भूसंपादन कायद्याखाली जमीन घ्यावी. पुढचेच १२७ वे कलम मालकाच्या बाजूचे आहे. आराखडा अंमलात येऊन दहा वर्षे लोटली आणि जमीन घेतली गेली नाही, तर मालकाने सूचना द्यावी. त्यानंतर ठराविक मुदतीत सरकार अथवा महापालिका हलली नाही, तर आरक्षण आपोआप रद्द झाले असे समजावे. ही मुदत मुळात सहा महिन्यांची होती. २००९ साली ती बारा महिने झाली आणि २०१५ साली चोवीस महिने. सरकारने काम वेळेत करण्याचे मनावर घेण्याऐवजी वेळच वाढवून घेतली, असे म्हणणे भाग आहे.

यात मालकाची बाजू खोटी आहे असे आम्ही मुळीच मानीत नाही. ज्याच्या सातबाऱ्यावर उद्यानाचे आरक्षण बसले त्याला घर बांधता येत नाही, जमीन धड विकता येत नाही आणि मोबदलाही मिळत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्रातील अशाच एका प्रकरणात, तेहतीस वर्षे आरक्षणाखाली अडकून पडलेल्या भूखंडाबाबत, सर्वोच्च न्यायालयाने मालकाच्या बाजूने निर्णय दिला. तो न्यायाला धरूनच होता. प्रश्न इतकाच की, त्या तेहतीस वर्षांत ज्या मुलांनी त्या मैदानावर खेळावयाचे होते ती आता प्रौढ झाली, आणि त्यांच्या वतीने सूचना देण्याचा अधिकार कायद्याने कोणालाही दिलेला नाही.

विलंबाची किंमत केवळ वर्षांत मोजून भागत नाही. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्याखाली, १९८४ च्या दुरुस्तीनंतर, बाजारभावावर तीस टक्के दिलासा रक्कम द्यावी लागे. १ जानेवारी २०१४ पासून अंमलात आलेल्या नव्या कायद्याने ती शंभर टक्के केली. म्हणजे शहरातील जमिनीला भावाच्या दुप्पट मोजणे आले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही सुधारणा योग्यच होती. परंतु आरक्षण पडते तेव्हा दहिसर हे शहराबाहेरचे ठिकाण असते आणि ताबा घ्यावयाची वेळ येते तेव्हा तेथून मेट्रो धावत असते. मधल्या काळातील भाववाढ सगळी सार्वजनिक तिजोरीच्या माथी. त्यातच मूळ मालक कंटाळून जमीन स्वस्तात विकून टाकतो आणि दुप्पट मोबदल्याचा धनी तिसराच होतो. २०२० साली दहिसरजवळच्या एकसर येथील आरक्षित जमिनीच्या खरेदीवरून राजकीय आरोपांची राळ उडाली. त्या आरोपांचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. आरोप करण्याजोगी परिस्थिती मात्र नियमांतील दिरंगाईनेच निर्माण होते, हे कोणत्याही पक्षाला नाकारता येणार नाही.

रोख पैसे नकोत म्हणून दुसरी वाट काढली, ती विकास हक्कांची. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी असा दंडक घातला की, शहर विभागात निर्माण झालेले हक्क तेथे वापरावयाचे नाहीत, उपनगरांत वापरावयाचे. आणि उपनगरातील हक्क त्याच विभागात किंवा त्याच्या उत्तरेस न्यावयाचे. पुढे हे नियम बदलले, पण बदलेपर्यंत जे व्हावयाचे ते होऊन गेले. दक्षिणेकडे एखादे मैदान मोकळे राहिले की त्याच्या बदल्यातील मजले उत्तरेकडे चढत. दहिसरच्या उत्तरेस तर मुंबई संपते! मजल्यांबरोबर माणसे वाढली; माणसांच्या वाट्याची मोकळी जमीन मात्र त्या हक्कांबरोबर आली नाही.

यावर एक ठरलेले उत्तर ऐकावयास मिळते. दहिसरकरांना उद्याने कशाला हवीत, त्यांच्या अंगणात शंभर चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान नाही काय? हे उत्तर देणाऱ्याने सहा वर्षांच्या नातवाला घेऊन रोज संध्याकाळी बिबट्याच्या रानात जाऊन दाखवावे. अभयारण्य आणि खेळाचे मैदान या दोन निराळ्या गरजा आहेत. शिवाय त्या रानाच्या बाबतीतही सरकारची चाल तीच. खाजगी वने सरकारजमा करण्याचा कायदा १९७५ सालचा. त्याचा आधार घेऊन, पन्नाशीच्या दशकात काढलेल्या नोटिसांच्या बळावर, सरकारने २००६ च्या सुमारास मुंबईतील अनेक जमिनींच्या दप्तरी ‘खाजगी वन’ अशा नोंदी केल्या. तोवर त्या जमिनींपैकी कित्येकींवर रीतसर परवानगीने इमारती उभ्या राहून हजारो कुटुंबे नांदत होती. २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या नोंदी टिकू दिल्या नाहीत. अर्धशतक झोपून राहिलेल्या दाव्याने ना वन वाचले, ना रहिवाशांची झोप.

आता दुसरी बाजू पाहावी, देण्याची. सरकारी जमिनीच्या वाटपाचे नियम १९७१ चे आहेत आणि ते बरेच तपशीलवार आहेत. पण ज्या जमीन महसूल संहितेखाली ते झाले तिच्या चाळिसाव्या कलमाने सरकारला आपली जमीन स्वतःला योग्य वाटतील त्या अटींवर देण्याची मोकळीक ठेवली आहे. म्हणजे दाराला कुलूप भक्कम, आणि शेजारी खिडकी सताड उघडी. महापालिकेच्या ताब्यातील मैदानांची कथा याहून वेगळी नाही. देखभालीसाठी म्हणून ‘काळजीवाहू’ आणि ‘दत्तक’ या तत्त्वांवर भूखंड संस्थांच्या हवाली झाले. दत्तक हा शब्दही मासलेवाईकच! दत्तक घेणारा पोरक्याला घरात घेतो; येथे काही ठिकाणी त्याने पोराच्या घरात आपला क्लब थाटला. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने हे धोरण पुन्हा मंजूर केले, तेव्हा नागरिकांच्या संतापामुळे मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती देऊन भूखंड परत घेण्यास सांगावे लागले. २०२३ साली नव्या मसुद्याच्या रूपाने ते पुन्हा डोकावले आणि पुन्हा विरोध झाला.

महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानाचे उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. या २११ एकरांचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. पुढे दहा वर्षांहून अधिक काळ पट्टा नाही आणि ताबाही नाही, अशा स्थितीत सरकार स्वस्थ बसले. अखेर २०२४ मध्ये १२० एकर उद्यानासाठी घ्यावयाचे व ९१ एकर क्लबला पुन्हा तीस वर्षांसाठी द्यावयाचे असे ठरले. १२० एकर जनतेला मिळणार, याचा आम्हांला आनंदच आहे. परंतु इतक्या मोठ्या जमिनीची वाटणी कोणत्या कसोटीवर झाली, भुईभाडे कशावरून ठरले, पट्टा संपण्यापूर्वीच जाहीर सुनावणी का झाली नाही, हे विचारण्याची जागा कोणत्याही नियमात नाही.

शेजारच्या राज्याने या बाबतीत अधिक शहाणपण दाखविले आहे. कर्नाटकाने १९८५ मध्ये उद्याने व क्रीडांगणे यांच्या जतनासाठी कायदा केला. सार्वजनिक उद्यानाची विक्री वा भाडेपट्टा केल्यास तो व्यवहारच रद्दबातल ठरावा, अशी तरतूद त्यात आहे. बंगळूरमधील उद्यानाची जागा खाजगी शुश्रूषागृहाला देण्याचा सरकारी निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली बेकायदा ठरविला, तोही याच भूमिकेतून. रुग्णालय चांगले की वाईट, हा तेथे प्रश्नच नव्हता. जागा उद्यानाची होती, एवढे पुरे होते.

महाराष्ट्राने असा कायदा करावा, आणि त्यात भूसंपादनाला जे घड्याळ आहे तेच भाडेपट्ट्यालाही लावावे. आज मालकाने नोटीस दिली आणि चोवीस महिने निघून गेले तर लोकांचे उद्यान आपोआप जाते. मग पट्ट्याची मुदत संपली आणि जाहीर सुनावणीनंतर तो रीतसर वाढविला गेला नाही, तर जमीनही आपोआप लोकांकडे का येऊ नये? पट्टा देण्यापूर्वी त्याच्या अटी त्या जागेवरच पाटी लावून मराठीत प्रसिद्ध कराव्यात. आरक्षणाला दहा वर्षे पुरी होण्याच्या आधीच, म्हणजे आठव्या वर्षी, संपादनासाठी अंदाजपत्रकात रक्कम राखून ठेवण्याचे बंधन महापालिकेवर घालावे. मालकाची सूचना हाती पडल्यावर पैशांची शोधाशोध करण्याची पाळी मग येणार नाही.

कायदा होईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. २०१८ च्या आराखड्याला २०२८ मध्ये दहा वर्षे पुरी होतील आणि त्यातील नव्या आरक्षणांवर सूचनांचा ओघ सुरू होईल. दहिसर ज्यात मोडते त्या आर-उत्तर विभागात उद्याने व मैदाने यांसाठी राखलेले भूखंड कोणते, त्यांपैकी ताब्यात किती आले, आणि ताब्यात आलेल्यांपैकी कोणाकडे, कोणत्या अटींवर व किती मुदतीसाठी सोपविले, याची यादी महापालिकेच्या कार्यालयात आज असलीच पाहिजे. ती विभाग कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर लावण्यासाठी मंत्रालयाची परवानगी लागत नाही.