छोटा ट्रॅक्टर : आधी हिशेब, मग अवजार



पिंपळगाव बसवंत परिसरात द्राक्षबागेच्या निमित्तानं बऱ्याच घरी छोटा ट्रॅक्टर आला. 18 ते 28 अश्वशक्तीचा हा ट्रॅक्टर बागेत ब्लोअर ओढतो, ट्रॉलीत क्रेट वाहतो. बागेशेजारी एक-दोन एकर ऊस असला, की हाच ट्रॅक्टर उसातही चालवावा असं साहजिकच मनात येतं. विचार रास्त आहे. थंड मुलखातले शेतकरी अशाच ट्रॅक्टरला हिवाळ्यात बर्फ लोटायचं पातं लावतात, ओंडके फोडायचं यंत्रही जोडतात. पण शेजाऱ्यानं घेतलं म्हणून आपणही घेतलं, तर अवजार गोठ्याच्या कडेला गंजत पडतं आणि कर्जाचे हप्ते मात्र भरावेच लागतात. म्हणून इसार देण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात.

ताकद : इंजिनाची ताकद आणि पीटीओची ताकद एक नव्हे. इंजिनाच्या साधारण 80 ते 90 टक्केच ताकद पीटीओवर मिळते. 24 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर असेल तर 20-21 धरावी. त्याला तीन-साडेतीन फुटी रोटाव्हेटर पेलतो. पाच फुटी जोडला तर इंजिन दबतं, डिझेल जळतं आणि ढेकळं तशीच राहतात. विक्रेत्याकडं मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेचा चाचणी अहवाल मागावा. पीटीओची ताकद व लिफ्टची क्षमता त्यात दिलेली असते.

वजन : लिफ्टनं अवजार उचललं म्हणजे भागलं असं नाही. अवजार मागं जेवढं लांब, तेवढी पुढची चाकं हलकी होतात. मग स्टिअरिंग नीट लागत नाही आणि बांध चढताना ट्रॅक्टर मागं उलटण्याचं भय असतं. पुढं वजनं बसवावीत, नाहीतर हलकं अवजार घ्यावं.

रुंदी : दोन ओळींतलं अंतर टेपनं मोजा. ट्रॅक्टरही एका चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. पाच फुटी पट्ट्यात छोटा ट्रॅक्टर मोकळा चालतो, चार फुटीत जेमतेम. मोठी बांधणी झाल्यावर तर आत घालूच नये, ऊस मोडेल.

दिवस : समजा, अवजार एक लाखाचं आहे आणि दहा वर्षं टिकलं. म्हणजे वर्षाला 10,000 रुपये. वर्षातून पाचच दिवस चाललं तर दिवसाला 2,000 रुपये पडले. व्याज, दुरुस्ती आणि डिझेल वेगळंच. भाड्यानं त्याहून स्वस्त मिळत असेल तर विकत कशाला घ्यायचं? सरी पाडायचं, आंतरमशागतीचं अवजार बाग आणि ऊस दोन्हीकडं चालतं, ते घरचं असावं. जड अवजार चार-पाच जणांनी मिळून घ्यावं किंवा भाड्यानं आणावं.

पाचट कुट्टी यंत्राचं तसंच आहे. त्याला मोठ्या ट्रॅक्टरची ताकद लागते, छोट्याच्या गळ्यात ते बांधू नये. पण कुट्टी यंत्र नाही म्हणून पाचट पेटवायचं कारण नाही. हेक्टरी साडेसात ते दहा टन पाचट निघतं. ते सरीत पसरावं. बुडखे जमिनीलगत छाटावेत. पाचटावर हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी द्यावं. खोडव्याला घरचं सेंद्रिय खत मिळतं, ओल टिकते आणि तणही दबतं. आगपेटीनं हे सगळं राख होतं.

शेवटी जिवाची गोष्ट. पीटीओचा दांडा मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदर, उपरणं किंवा धोतराचा सोगा त्यात सापडला तर हाक मारायलाही वेळ मिळत नाही. दांड्यावरचं झाकण काढू नका. अवजारात अडकलेलं गवत काढायचं असेल तर आधी इंजिन बंद करा, मगच हात घाला. ट्रॅक्टरवर पोराबाळांना बसवू नका.

खरेदीला जाताना ट्रॅक्टरचं पुस्तक आणि शेतातली मापं बरोबर न्या. अवजार आधी आपल्या रानात, आपल्या ट्रॅक्टरला जोडून चालवून दाखवा म्हणावं. जो विक्रेता तयार होईल, त्याच्याशीच व्यवहार करावा.